वास उडालेली वाट

“आणखी एक सोड,” असं पाटीवर लिहून बाबांनी ती पेइ-लानपुढे धरली.

“सोडली हो बाबा. सकाळपासून तेच तर करतेय.”

घशाच्या शस्त्रक्रियेत बाबांचा आवाज गेला होता. ताइनानच्या गल्ल्यांतून ते स्कूटरवर बाह-त्सांग, म्हणजे पानात बांधलेला गरम भात विकायचे. त्यांची हाक ऐकली की बायका चपला शोधायला लागायच्या. कॉलेजात असताना पेइ-लानने ती हाक ध्वनिमुद्रित करून हौशी लोकांच्या कंप्युटर-जाळ्यात टाकली होती. तिच्याकडची प्रत पुढे डिस्क बिघडली तेव्हा गेली. आता स्कूटरच्या कर्ण्यावर लावायला तीच हाक हवी होती.

त्या जाळ्यात कुणाकडे काय आहे याची यादी नव्हती. शोध घ्यायची युक्ती पेइ-लानचीच. निरोप मुंगीसारखा एका यंत्रावरून दुसऱ्यावर हिंडायचा, वस्तू सापडली की वाटेवर वास सोडत परतायचा, म्हणजे पुढच्या निरोपाला माग मिळायचा. ज्या वाटेने कुणी जात नाही तिचा वास उडून जायचा. जुना पसारा नको म्हणून तो लवकर उडावा, हेही तिनेच ठरवलं होतं. बाबांची हाक इतक्या वर्षांत कुणी मागितलीच नव्हती.

तिने जुन्या सोबत्याला, ताइ-हेंगला, फोन लावला.

“असेल गं कुणाकडे तरी. पण तुझी मुंगी चार घरं हिंडून मरते, त्याला काय करणार?”

“तिचं आयुष्य वाढवू या की.”

“ते ज्याच्या त्याच्या यंत्रावर वाढवावं लागेल. आणि ती माणसं कोण? कुणाची नावं नोंदवायची नाहीत म्हणून तूच भांडली होतीस.”

पेइ-लानने फोन ठेवला.

दुपारी बाबा न सांगताच स्कूटर घेऊन गेले आणि भरली टोपली घेऊन परतले. पाटीवर लिहिलं, “मी आलेलो कुणाला कळलंच नाही.” तिला रडू आलं. दोघांनी तोच भात खाल्ला. झोपण्यापूर्वी बाबांनी कंप्युटरशेजारी बशीत साखर ठेवली आणि लिहिलं, “उपाशीपोटी कोण काम करील?”

सकाळी खिडकीपासून बशीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. पडद्यावर काहीच आलं नव्हतं. बाबांनी रांगेकडे बोट दाखवलं आणि ते हसले. खांदे गदगदा हलत होते, पण खोलीत फक्त कंप्युटरच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

पेइ-लानने आणखी एक सोडली.