मळकी पैरण

हिर्डोशीच्या त्या वस्तीवर मोबाईलला रेंज यायची ती एकाच जागी, शाळेमागच्या खडकावर. त्यामुळे दिवस कलला की निम्मी वस्ती तिथं जमायची आणि कुणाची भानगड कुणापासून लपून राहायची नाही. फुलाबाई रोज पदर कानावर ओढून खडकाच्या एका टोकाला उभी राहायची आणि भोरला लेकीला, स्नेहलला, घरच्या बातम्या द्यायची.

बातम्या तरी कसल्या? थंडी अशी पडलीय की मोत्या कुत्रं चुलीच्या राखेत झोपतंय आणि सकाळी पांढरं होऊन बाहेर येतंय. तलंग कोंबडी अंडी घालतेय, पण पेंढ्याच्या उडवीत कुठं घालतेय ते तिचं तिलाच ठाऊक. परसातला पावटा फुलावर आलाय. आणि मांजरी व्याली ती नेमकी आण्णांच्या घोंगडीवर, तेव्हा घोंगडीवरचा घरच्यांचा हक्क संपला.

या सगळ्या बातम्या स्नेहलच्या नावानं जायच्या, पण असायच्या आण्णांसाठी, म्हणजे फुलाबाईचा नवरा रखमाजी याच्यासाठी. रखमाजीचा एक डोळा लहानपणीच भाताची पात लागून गेला होता. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू आला, तेव्हा भोरला ऑपरेशन केलं आणि तो लेकीकडेच राहिला. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, डोळा नीट बरा होईपर्यंत वाकायचं नाही, आणि धूळ, धूर, शेण यांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. म्हणजे घरी जायचंच नाही, कारण घरी दुसरं होतं काय?

रखमाजी फोनवर मात्र यायचा नाही. इतक्या वर्षांच्या संसारात नवराबायको फोनवर एकमेकांशी कधी बोलली नव्हती. लेकीजावयासमोर बायकोशी काय बोलायचं, म्हणून तो लाजायचा. स्पीकर लावलेला असायचा. तो खाटेवरून म्हणायचा, इचार तिला, भुरी कशी हाय. फुलाबाईला ते स्वच्छ ऐकू यायचं, पण स्नेहलनं तेच पुन्हा विचारेपर्यंत ती थांबायची आणि मग सांगायची, त्यास्नी सांग, भुरी बेस हाय, चरवी भरून दूध देती.

ही शुद्ध थाप होती. भुरी म्हैस रखमाजीच्या हातावर होती. रेडकानं ढुशी दिली की पान्हा सोडायची, पण फुलाबाई चरवी घेऊन बसली की सगळं आखडून घ्यायची आणि पाठ फिरवायची. आंबोण घातलं, खाजवलं, शिव्याही घालून पाहिल्या. असंच चाललं तर म्हैस आटणार होती. आणि हे भोरला कळलं तर रखमाजी पहिल्या यष्टीनं येऊन गोठ्यात वाकणार, होता नव्हता तो डोळाही घालवणार, याबद्दल फुलाबाईला तिळभर शंका नव्हती.

मग तिला एक शक्कल सुचली. खुंटीवर नवऱ्याची पैरण लोंबत होती. ती तिनं लुगड्यावरून अंगात घातली, डोक्याला त्याचा मफलर गुंडाळला, त्याच्यासारखी खाकरली आणि धार काढताना तो जसा भुरीला टवळे, भवाने म्हणायचा तसं म्हणत बुडाशी बसली. भुरीनं मागं वळून पैरण हुंगली. एक डोळा बारीक केला, पण पान्हा सोडला. फुलाबाईला इतका आनंद झाला की तिनं त्या पैरणीलाच दोनदा हात जोडले.

आता थाप खरी झाली होती, तर तिकडे भलतंच. स्नेहलनं हळूच सांगितलं, आण्णा रुसलेत. म्हणतात, भुरी तिच्या हाताखाली एवढी रुळली तर माझी गरजच काय उरली. भाकरी अर्धी टाकून उठतात. फुलाबाईला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. खरं सांगावं तर माणूस पळून येतो, खोटं सांगावं तर उपाशी मरतो.

त्यातच पैरणीचा वास उडत चालला. फुलाबाईच्या अंगाचा, चुलीच्या धुराचा वास तिला लागला आणि भुरी पुन्हा तोंड फिरवू लागली. एका संध्याकाळी रखमाजी तिकडे बाहेर ओट्यावर बसलाय, त्याला ऐकू जायचं नाही, एवढी खात्री करून घेऊन फुलाबाईनं फोनवर सांगितलं, आण्णांची अंगातली एक पैरण जावयाच्या हाती पाठव. जावई इंद्रजित त्याच मार्गावर यष्टीचा कंडक्टर होता. कशाला हवी, हे तिनं सांगितलं नाही. खडकावर शेजारच्या कुंडलिकचे कान तिच्याकडेच होते.

पैरण आली. पण स्नेहल पडली टापटिपीची पोर. आईनं मागितली आणि आपण मळकी पाठवायची? तिनं ती वासाच्या पावडरीत भिजवली, खळखळून धुतली, इस्त्री केली आणि घडी घालून पाठवली. फुलाबाई ती घालून गोठ्यात गेली. भुरीनं एकदाच हुंगलं, फुरफुरली आणि चरवीला अशी लाथ हाणली की चरवी रेडकाच्या दाव्याशी जाऊन पडली.

फुलाबाई तशीच खडकावर गेली. अंगात इस्त्रीची पैरण, डोक्याला मफलर. स्नेहलनं फोन उचलताच आजवर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं.

"अगं, धुतल्याली काय करू? मळकी पाठीव, अंगातली, घामाची. भुरी मला हात लावून देत न्हाई. त्यांचा वास लागतोय तिला."

खडकावरच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. कुंडलिक म्हणाला, वहिनी, म्हशीलाच लागतोय ना? बायका पदरात तोंड घालून हसल्या. पण फुलाबाईचं तिकडं लक्ष नव्हतं. फोनचा स्पीकर चालू होता आणि पलीकडे खाट करकरली होती.

"भुरी पान्हा चोरती?" रखमाजीनं विचारलं. आज त्यानं लेकीच्या हातातून फोन घेतला होता.

"व्हय," फुलाबाई म्हणाली. "पर तुमी यायचं न्हाई. आलात तर म्या म्हस सोडून दीन, पर तुमाला गोठ्यात पाय ठिवू द्यायची न्हाई."

रखमाजीनं फोन लेकीच्या हातात परत दिला. पण त्या रात्री तो दोन भाकरी जेवला, असं मागाहून स्नेहलनं सांगितलं. पुढची तक्रार निराळीच होती. आण्णा आता आंघोळीचं नावच काढत नाहीत. पैरण मुरू दे म्हणतात, लोणच्यासारखी.

मुरलेली पैरण इंद्रजितनं पिशवीला दोन गाठी मारून, नाक बाजूला धरून, यष्टीतून खाली दिली. फुलाबाईनं गोठ्यातच गाठी सोडल्या. तंबाखू, घाम, डोळ्याच्या औषधाचा उग्र वास. भुरीच्या आधी तिनंच तोंड त्यात घातलं आणि तिला अचानक रडू आलं. भुरीनं मात्र वेळ घालवला नाही. चरवी भरली.

संध्याकाळी फोन सरळ रखमाजीनंच उचलला.

"भुरीला आठवण येती व्हय माजी?"

खडकावरची माणसं खाली दिसणाऱ्या धरणाच्या पाण्याकडे बघण्याचं सोंग करत होती. मध्ये निरोप पोचवायला आज स्नेहलही नव्हती.

"येती," फुलाबाई म्हणाली. "लई येती. पर म्या सांगितलंय तिला, डोळा बरा हुईस्तोर दम धर."

रात्री घरी खुंटीवर टांगायची म्हणून तिनं ती पैरण अंगातून काढली, आणि हातातच धरून उभी राहिली. थंडी होतीच. घोंगडी मांजरीनं बळकावलेली होती. फुलाबाईनं पैरण पुन्हा अंगात घातली आणि तशीच निजली.