वाणाला दिलेली मिठागरं

परशुरामशेठ आमच्याकडे यायचे ते मोसंबी घेऊन. त्या फळाचा मला अजून राग येतो.

शेठचं खाडीकाठी मिठागर होतं. स्वातंत्र्यानंतर ते त्यांनी एका कारखानदाराला विकलं आणि ठाण्यात टेंभी नाक्यावर माडीचं घर बांधलं. सोनं घेऊन झालं, तरी पैसा उरला. मुंबईच्या एका दलालाने त्यांच्या डोक्यात भरवलं, की चित्रकार मेला की त्याच्या चित्रांना दसपट भाव येतो. माझे यजमान शाळेत ड्रॉइंगमास्तर. खाडीची, मिठागरांची चित्रं काढायचे, आणि त्यांना क्षय झाला होता. शेठना याहून चोख माल कुठे मिळणार? वीसेक चित्रं त्यांनी घेतली. एकही भिंतीवर लावलं नाही. लोखंडी पेटीत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवली आणि किल्ली करगोट्याला बांधली.

आजारपणात मास्तरांची शाळेतली नोकरी सुटली तेव्हा शेठ घरभाडं द्यायला तयार झाले. अट एकच, नवीन चित्र काढायचं नाही. जास्त झालं की भाव पडतो, म्हणाले, मीठ काय आणि चित्र काय. भाड्यापुढे मास्तरांनी मान तुकवली. त्यानंतर शेठ दर महिन्याला येत, मोसंबी ठेवत, मास्तरांच्या छातीकडे बघत आणि रात्री खोकला किती येतो ते विचारत. मी भोळी, मला माया वाटायची. मग दवाखान्यातला कंपाउंडर सांगून गेला, की शेठ विचारत होते, मास्तर हा पावसाळा काढतील का.

पावसाळा काढला त्यांनी. पण ब्रश सुटल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडतंय, पण माणसालाच उठायचं नाहीये. मला शेठचा इतका संताप आला की हातातली मोसंबी मी गटारात टाकली.

संक्रांत आली. हळदीकुंकवाला वाण लुटायचं तर आणायला दमडी नव्हती. मी रंगांची पेटी मास्तरांच्या अंथरुणावर ठेवली आणि सांगितलं, बायकांना द्यायला काढा. शेठचं भाडं जाईल, म्हणाले. मी म्हटलं, जाऊ दे. पापड लाटीन, पण घरात मढं सांभाळणार नाही. माझी जीभ तशीच आहे.

मास्तर उठून बसले. कागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे केले आणि शेठच्या पेटीतलीच चित्रं एकेक करून पुन्हा काढली. पांढरे ढीग, मागे खाडी, डोक्यावर टोपली घेतलेली बाई. तिसऱ्या दिवशी स्वतः भाकरी मागून खाल्ली. रथसप्तमीच्या आत मी नाक्यावरच्या झाडून सगळ्या बायकांना बोलावलं. क्षयाचं घर म्हणून काहींनी उंबऱ्याबाहेरूनच वाण घेतलं, पण घेतलं.

शेठच्या सगुणाबाईही आल्या. मला कुंकू लावलं, चित्र हातात घेतलं आणि बघतच राहिल्या. लग्न होऊन आल्यावर याच मिठागरात त्यांनी टोपल्या वाहिल्या होत्या. घरात वीस चित्रं असून त्यांना एकही दिसलं नव्हतं. पेटी कशाची वाट बघतेय ते मी त्यांना सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात दलाल भाव करायला आला. स्टेशनपासून शेठच्या घरापर्यंत त्याला पानाच्या गादीवर, शिंप्याकडे, दारादारात तीच चित्रं दिसली. पेटी न उघडताच तो परत गेला. शेठ घरोघर फिरून चित्रं विकत मागू लागले. पण सवाष्णीचं वाण कोण विकतं? एकीने तर त्यांच्या अंगावर केरसुणी उगारली.

मग ते आमच्या दारात आले. मागोमाग सगुणाबाई.

"भाडं बंद," शेठ म्हणाले. "आणि वहिनी, एक ऐकून ठेवा. मास्तर आता फार दिवसांचे नाहीत. हात थांबला की माझा भाव आपोआप वर येईल."

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत सगुणाबाई पुढे झाल्या.

"हिच्या कपाळाला कुंकू मी लावलंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमच्या पेटीसाठी ते मीच पुसू?"

शेठनी मान खाली घातली. मला वाटलं, लाजले. तेवढ्यात आत मास्तरांना ठसका लागला, आणि त्या माणसाने चटकन मान वर करून कान दिला. खोकला किती वेळ चालतोय ते तो ऐकत होता. सगुणाबाईंनीही ते पाहिलं. त्या उंबरा ओलांडून आत माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, आणि दार त्यांनीच लावलं.