साठ कॅप्सूल आणि एक कोरी ओळ

सोमवार, दिनांक ८ मार्च २००४ रोजी, सकाळी दहाच्या सुमारास, मौजे मखमलाबाद, तालुका व जिल्हा नाशिक येथे, फकिरा व ठमाबाई या दांपत्याच्या गुलाबाच्या मळ्यात माझा प्रवेश झाला. तारीख मी मुद्दाम सांगते. जो आपले म्हणणे तारखेसह मांडत नाही त्याच्यावर विसंबू नये, असे मी याच घरात शिकले.

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. पांढऱ्या प्लास्टिकची, वीतभरही उंची नसलेली. आज माझ्या पोटात झेंडूचे बी आहे. एके काळी तेथे साठ कॅप्सूल होत्या आणि अंगावर निळ्या अक्षरांत लिहिले होते : ‘कांद्याच्या सालीतील फ्लेव्होनॉइड. पेशींच्या निरोगी वार्धक्यासाठी. रोज एक, जेवणानंतर.’ उन्हाने ती अक्षरे पुसट झाली. मला त्याचे दुःख नाही. जे सिद्ध करता येत नाही ते अंगावर वागवीत उभे राहणे फार थकवणारे असते.

माझ्यातील भुकटीचा जन्म विंचूरच्या बाजूचा. कांदा निवडताना जी साल उडते, बायकांच्या केसांत अडकते आणि संध्याकाळी झाडून उकिरड्यावर जाते, तीच पोत्यांत भरून एका कारखान्यात आली. धुतली, उकळली, गाळली, वाळवली. शेवटी उरली ती पिवळी, कडवट भुकटी; लेबलावरचे फ्लेव्होनॉइड ते हेच. सालीने कसलाही दावा केला नव्हता. दावा केला तो लेबलाने, आणि ते चिकटवताना मला कोणी विचारले नाही.

मला मळ्यात आणले फकिराच्या भाच्याने, संतोषने. गावोगाव सभा घेऊन अशा बाटल्या विकण्याचे काम त्याने नुकतेच पत्करले होते.

“मामा, रोज एक घ्या. अंगठ्याचा बधिरपणा जाईल. माणूस आतून म्हातारा होत नाही याच्यानं.”

फकिराचा उजवा अंगठा कात्री धरून धरून बधिर झाला होता. त्याने मला उलटीसुलटी करून पाहिले. “कशाची म्हणला ही?”

“कांद्याच्या सालीची.”

“मंग आपला उकिरडा शंभर वर्सं जगल.”

ठमाबाई पदरात तोंड लपवून हसली. संतोष मात्र हसला नाही, कारण त्याचे सारे मामाच्या शब्दावर अवलंबून होते. फकिराची एक रीत पंचक्रोशीत ठाऊक होती. नवे औषध आले की तो गुलाबाच्या एका ओळीवर फवारी आणि शेजारची ओळ कोरी ठेवी. मग ठरल्या दिवशी दोन्ही ओळींपाशी उभा राहून निकाल देई. ‘फकिराची ओळ काय म्हणते?’ असे विचारल्यावाचून कोणी औषध घेत नसे.

“दोन ओळी पायजेत,” तो म्हणाला. “मी आन् ही. चाळीस वर्सं एकच भाकर, एकच काम. परीक्षा घेणारा कोरा राहील. गोळी ठमा घेईल.”

“मला काय झालंय?” ठमाबाई म्हणाली.

“तोडणीत तीनदा बांधावर बसती. मी मोजतो.”

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ठमाबाई सर्वांचे उरकून दुपारी तीनला जेवत असे. उभ्याउभ्या, उरले असेल ते. पण लेबलावर ‘जेवणानंतर’ होते आणि फकिरा लेबलाचे अक्षरही मोडू देणारा नव्हता. रोज बाराला तो स्वतः दोन ताटे मांडू लागला. “बस खाली. औषधाचा नेम हाय.” ती संकोचून बसे, गरम भाकरी खाई, कॅप्सूल तोंडापाशी नेई आणि पाणी पिई.

कॅप्सूल जाई पदराच्या गाठीत. दुसऱ्या दिवशी ती फोडून भुकटी पिठल्यात, वरणात, कढीत. फक्त त्याच्या वाटीत. तिचा विचार सरळ होता : अंगठा बरा व्हायला हवा तो त्याचा. हे ती जाणत होती आणि मी. मला वाचा नव्हती.

“पिठलं कडू का गं?”

“सकाळपासून वरडताय. तोंडच कडू झालं आसंल.”

दिवस गेले. ठमाबाई तीनदाऐवजी एकदाच बांधावर बसू लागली. पुढे तेही सुटले. फकिरा नोंद ठेवीत होता. त्याच्या नजरेत माझ्याविषयी आदर दिसू लागला, आणि मित्रांनो, न कमावलेल्या आदराखाली उभे राहण्यासारखा शीण नाही.

रविवार, दिनांक ९ मे, निकालाचा ठरलेला दिवस. मळ्यातल्या शेडमध्ये तीस-चाळीस माणसे जमली. संतोषने मला टेबलावर मधोमध ठेवले. फकिरा उठला. “ठमा आता बसत नाय. ओळीत फरक हाय.”

शेजारची चांगुणा लगेच म्हणाली, “मंग मला एक द्या. ती दवाखान्याची ब्लडप्रेशरची गोळी बंदच करते आता.”

ठमाबाईचा हात पदराच्या गाठीवर गेला. चार माणसांत नवऱ्याचा शब्द खाली पाडणे तिने जन्मात केले नव्हते. ती उभी राहिली.

“चांगुणे, थांब. मी एक बी गोळी खाल्ली नाय. समद्या ह्यांच्या वाटीत घातल्या.”

फकिराने तिच्याकडे पाहिले, मग आपल्या अंगठ्याकडे. नखाने तो दाबून पाहिला.

“म्हंजे औषधाची ओळ मी?”

“व्हय.”

“आन् कोरी तू?”

“व्हय. पर बाराला जेवले ना.”

“मामा, अजून दोन महिने घ्या,” संतोष कळवळून म्हणाला, “गुण सावकाश येतो.”

“ठरल्या दिवशी जे दिसंल त्ये सांगायचं, संतोष.” फकिराचा आवाज थकलेला होता, पण स्वच्छ. “अंगठा होता तसाच हाय. कोरी ओळ सरस आली.”

“मंग मी काय घेऊ?” चांगुणाने विचारले.

“तुजी दवाखान्याची गोळी घे,” ठमाबाई म्हणाली, “आन् समद्यांच्या संगं जेव.”

त्या दिवशी एकही बाटली खपली नाही. मी शेडच्या फळीवर गेले, धुळीत पडले, विसरली गेले. पण त्या घरात बाराला दोन ताटे मांडणे काही थांबले नाही. मित्रांनो, दमलेल्या बाटलीची एवढीच विनवणी : कोणत्याही औषधाचा गुण गाण्याआधी, आपल्या घरात शेवटी कोण जेवते ते पाहा.

पाच वर्षांनी संतोष मळ्यात आला. तो आता ठिबक सिंचनाच्या नळ्या विकत होता. मला फळीवर पाहून तो ओशाळला. “मामी, ही अजून ठेवलीय?”

ठमाबाईने झेंडूचे बी मुठीने माझ्यात ओतले आणि झाकण फिरवले.

“आरं, बाटली चांगली हाय. झाकण घट्ट बसतं.”