पथकाचा आत्मा, म्हणजे मी शिट्टी

मी शिट्टी बोलतेय. दचकू नका आणि कानांवर हातही ठेवू नका, आज मी किंचाळणार नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या श्वासावर ओरडले. आज जरा माझ्या मनातलं बोलते.

पितळेचा पत्रा कापून, वाकवून, डाख देऊन मला घडवलं आणि पोटात बुचाची एक इवलीशी गोळी सोडली. ती गोळी आत नाचते, म्हणून माझा आवाज थरथरतो. माझ्या बरोबरच्या बहिणींपैकी कोणी फुटबॉलच्या पंचाकडे गेली, कोणी चौकातल्या पोलिसाकडे. मी गेले एका स्काउट पथकात. शाळेच्या मागे मैदान, मैदानाच्या कडेला पत्र्याच्या छपराचा हॉल, हॉलमध्ये तंबू, दोऱ्या, काठ्या आणि भिंतभर नियमांचे तक्ते. शनिवारी संध्याकाळी मुलं-मुली जमायची आणि मोठी माणसं त्यांना स्वावलंबन शिकवायची, म्हणजे प्रत्येक गोष्ट कशी करायची ते बाजूला उभं राहून सांगायची.

पथक काढलं होतं एका शांत स्वभावाच्या शिक्षकांनी. सगळे त्यांना मोठे सर म्हणत. मी यायच्या आधी मुलांना बोलवायचं असलं की ते उजवा हात सरळ वर करून नुसते उभे राहायचे. ज्याला दिसेल तो गप्प होऊन आपला हात वर करायचा, त्याचं पाहून शेजारचा करायचा. बघता बघता मैदान शांत व्हायचं. मग एका वर्षी मोठ्या सरांचा खांदा धरला. हात वर जाईना, म्हणून त्यांनी बाजारातून मला आणलं. माझ्यामागे तत्त्व वगैरे काही नव्हतं हो, खांदेदुखी होती.

मी पहिल्यांदा वाजले तेव्हा एका गुबगुबीत मुलाने दोन्ही कानांत बोटं घातली आणि भोकाड पसरून तो घरी पळाला. पुढच्या शनिवारी त्याची आई तावातावाने आली. "आपल्या पथकात असली थेरं कधी नव्हती," असं तिने मोठ्या सरांना सुनावलं. हाच मुलगा पुढे औषधांचं दुकान काढून बसला आणि पथकाच्या समितीचा अध्यक्ष झाला.

मोठे सर गेले. खांदेदुखी त्यांच्याबरोबर गेली, मी मात्र मागे राहिले आणि वर्षागणिक पवित्र होत गेले. मला हिरवी दोरी आली. पथकप्रमुखाशिवाय मला कोणी तोंड लावायचं नाही, असं ठरलं. मी जमिनीवर पडले तर प्रमुखाने मला सलाम करायचा, असंही ठरलं. एका शिबिरात मी भांडी घासायच्या बादलीत पडले, तेव्हा त्या वेळच्या प्रमुखाने टाचा जुळवून बादलीला कडक सलाम ठोकला. मुलांनी हसू दाबलं. मी खरकट्या पाण्यात बुडून हा सन्मान स्वीकारला.

लोकांना वाटतं शिट्टीचं आयुष्य ऐटीचं असतं. तसं काही नाही. प्रत्येक प्रमुखाने दुपारी काय खाल्लं हे सगळ्यात आधी मला कळायचं आणि सांगायची सोय नसायची.

माझ्याभोवती नियमही वाढले. एक लांब शिट्टी म्हणजे गप्प बसा, तीन छोट्या म्हणजे धावत या. जो शेवटी पोहोचेल त्याने मैदानाला एक फेरी मारायची. तीनदा शेवटी आला की वार्षिक शिबिर बंद. हा शेवटचा नियम अध्यक्षांनी स्वतः घातला होता. शिस्त लागते, असं ते म्हणायचे. ते स्वतः सभेला कायम उशिरा यायचे, पण सभेला शिट्टी नसते.

मग पथकात एक मुलगी आली. तिची आई शाळेची बस चालवायची. प्रवेशाच्या दिवशी आईने सरळ सांगितलं, "हिच्या कानात मशीन आहे. समोरून बोललेलं समजतं हिला. पण उंच, चिरका आवाज ऐकूच येत नाही."

"काळजी करू नका ताई," अध्यक्ष म्हणाले. "आमच्याकडे सगळी मुलं समान. कोणाला वेगळी वागणूक नाही."

आणि खरंच दिली नाही. मी वाजायचे, सगळी मुलं धावायची, आणि ती आपली तंबूचा खुंटा ठोकत बसलेली असायची. मान वर करायची तोवर रांग लागलेली असायची. मग फेरी. तिच्या फेऱ्या पाहून मुलांनी तिचं नाव भिंगरी पाडलं. तिलाही ते आवडलं, कारण ती पळायचीही तशीच. पण यंदाच्या शिबिराची नोंदवही उघडल्यापासून दोनदा शेवटी आल्याची नोंद झाली होती. आणखी एकदा झालं की शिबिर गेलं.

भिंगरीला त्या शिबिराचं वेड लागलं होतं. तळ्याकाठी तंबूत राहायचं, स्वतः चूल पेटवायची, एवढंच तिच्या डोक्यात असे. घरी पलंगाला चादरी बांधून ती तंबूत झोपते, असं तिची आई सांगायची. ते ऐकलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी तोऱ्यात होते की माझा आवाज चार गल्ल्यांपलीकडे जातो. या पोरीच्या कानापर्यंत तो पोहोचत नव्हता, आणि शिक्षा मात्र माझ्या नावाने होत होती.

दातांच्या दवाखान्यात काम करणारी एक मुलगी पथकात मदतनीस होती. मुलं तिला ताई म्हणत. तिने निर्णय होईपर्यंत भिंगरीची नोंद थांबवून घेतली आणि समितीपुढे विषय मांडला. "शिट्टीऐवजी हात वर करून बोलवू या. सगळ्यांना दिसेल. भिंगरीलाही."

समितीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने तंबू विकायला काढले होते.

"शिट्टी हा पथकाचा आत्मा आहे," अध्यक्ष म्हणाले. कानात बोटं घालून पळालेला तो मुलगा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. "आज शिट्टी नको म्हणता, उद्या झेंडा नको म्हणाल."

"झेंडा दिसतो तिला," ताई म्हणाली.

समितीत एक विमा एजंट होते. त्यांना जगात सगळीकडे अपघात दिसायचे. "हात वर करताना कोणाच्या डोळ्यात बोट गेलं तर जबाबदारी कोणाची?" त्यांनी विचारलं. यावर बराच वेळ गंभीर चर्चा झाली. शेवटी हात वर करायचा झाल्यास कोणता करावा, याचा अभ्यास करायला एक उपसमिती नेमली. उपसमितीने चहा-बिस्किटांवर तीन बैठका मारल्या आणि अहवाल दिला: उजवा हात सलामासाठी राखीव आहे, डावा हात स्काउटांच्या डाव्या हाताच्या हस्तांदोलनासाठी राखीव आहे, त्यामुळे स्काउटकडे बोलावण्यासाठी हात शिल्लक नाही.

मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण तो माझ्याकडेही शिल्लक नव्हता.

मग कोणीतरी तोड काढली. भिंगरीला नियमातून सूट द्यायची आणि सगळ्यांना कळावं म्हणून तिच्या दंडाला पिवळी पट्टी बांधायची. तिला आत बोलावून अध्यक्षांनी हे मोठ्या प्रेमाने समजावलं. भिंगरीने त्यांच्या ओठांकडे नीट बघत सगळं ऐकून घेतलं.

"मला सूट नको काका," ती म्हणाली. "तुम्ही कधी बोलावता ते कळू दे. पळायचं माझं मी बघते."

"बघा, किती हट्टी!" विमा एजंट म्हणाले. दाराशी उभ्या असलेल्या तिच्या आईने फक्त बसची किल्ली बोटाभोवती फिरवली. ती काय बोलली असती ते मला माहीत आहे, पण ते मुलांच्या पथकात बोलण्यासारखं नव्हतं.

शेवटी शिबिर तोंडावर आलं आणि समितीला निर्णय घेणं भाग पडलं. ठराव असा झाला: हाताची खूण प्रायोगिक तत्त्वावर सुरू करावी, मात्र खूण करण्यापूर्वी, सर्वांचं लक्ष वेधण्यासाठी शिट्टी वाजवावी.

हो, बरोबर ऐकलंत. जिला शिट्टी ऐकू येत नाही, तिच्यासाठी हात. आणि हाताकडे बघावं म्हणून शिट्टी. ठराव एकमताने मंजूर झाला. मंजुरीसाठी सगळ्यांनी हात वर केले आणि अध्यक्षांनी ते हात मोजले. कोणाला काही वाटलं नाही.

ताई तेवढी घरी जाताना दोरीला लटकलेल्या माझ्याकडे बघून म्हणाली, "धन्य आहे बाई यांची." तिने बोलायला माणूस निवडला नाही, यातच सगळं आलं.

पुढच्या शनिवारी पथकप्रमुखांनी मला वाजवलं. तीन छोट्या. मैदानावरचं एकही पोर हललं नाही. सगळ्यांनी फक्त माना वळवल्या. भिंगरीच्या शेजारच्या मुलाने तिच्या खांद्याला हात लावला, तिनेही मान वळवली. प्रमुखांनी पुन्हा वाजवलं. त्यांचे गाल टम्म फुगले, कानशिलं लाल झाली. पोरं जागची हलेनात.

"अरे, ऐकू येत नाही का?" ते ओरडले.

पथकातल्या एका टोळीची नायिका, चांगली दांडगट पोर, तिथूनच ओरडली, "ऐकू आली की सर! ठरावात काय आहे? शिट्टी म्हणजे लक्ष द्या, हात म्हणजे या. आम्ही लक्ष देतोय!"

प्रमुख बिचारे भूगोलाचे शिक्षक. ठरावाबाहेर जायची त्यांची छाती नव्हती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हात वर केला. भिंगरी बाणासारखी सुटली आणि पहिली आली. माझ्या पोटातली गोळी थांबली होती, तरी मला आत काहीतरी नाचल्यासारखं वाटलं.

शेवटी कोण आलं? अध्यक्षांचा नातू. आजोबांसारखाच गुबगुबीत, स्वभावाने गोड, पळायच्या नावाने शंख. भिंगरी शेवटी यायची तोवर तो शेवटून दुसरा यायचा आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष जायचं नाही. आता तो लागोपाठ शेवटी येऊ लागला. तिसऱ्यांदा आला त्या संध्याकाळी अध्यक्षांनी तातडीची सभा घेतली, आणि त्या सभेला ते चक्क वेळेवर आले.

"काळ बदलला आहे," ते म्हणाले. "असल्या शिक्षांनी कोवळ्या मनांवर परिणाम होतो. नियम माणसांसाठी असतात."

शिबिराचा नियम तिथल्या तिथे रद्द झाला. फेऱ्याही गेल्या. भिंगरी तळ्याकाठी जाऊन आली, नातूही जाऊन आला, आणि दोघांनी मिळून एक भात करपवला असं कानावर आलं. अध्यक्षांना आता अचानक आठवलं की हात वर करणं ही तर मोठ्या सरांची मूळ परंपरा. मला त्यांनी हॉलमधल्या काचेच्या कपाटात ठेवलं आणि पुढे पाटी लावली: 'आपला वारसा'. वारसा म्हणजे काय, तर जे वापरायचं नसतं आणि पुसायचंही नसतं. वर्षानुवर्षं माझ्यावर धूळ बसत राहिली.

भिंगरी मोठी झाली. आता मुलं तिलाच ताई म्हणतात. अध्यक्ष मात्र तेच आहेत. त्यांच्याही कानात मशीन आलंय. सभेत कोणी विरोधात बोललं की ते तेवढ्यापुरतं बंद करतात.

यंदा पथकात जाड भिंगांचा चष्मा लावणारा एक मुलगा आला. त्याला जवळचं दिसतं, लांबचं धूसर. दिवस कलला की मैदानाच्या पलीकडून वर केलेला हात आणि झाडाची फांदी त्याला सारखीच. सगळे निघून जातात आणि तो फांदीकडे बघत उभा राहतो. भिंगरीने समितीत विषय काढला, "त्याच्यासाठी शिट्टीही वाजवू या."

"हात हा पथकाचा आत्मा आहे," अध्यक्ष म्हणाले.

तिने पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा त्यांचा हात कानाकडे गेला. विमा एजंटांनी, शिट्टीतली गोळी निसटून कोणाच्या घशात गेली तर, असा मुद्दा मांडला. उपसमिती नेमायचं ठरत होतं.

भिंगरी उठली. कपाटाशी आली, काच सरकवली, पाटी आडवी केली आणि मला उचललं. ओढणीला पुसलं आणि ती तरातरा मैदानात आली. अंधारून आलं होतं. तो मुलगा पार पलीकडच्या कुंपणाशी एकटा उभा होता.

तिने मला ओठांना लावलं आणि फुंकलं. नुसती फुस्स. कित्येक वर्षांची धूळ होती पोटात, आणि गोळी चिकटून बसली होती. मी वाजले नाही हे तिला कसं कळणार? तिला माझा आवाज कधी ठाऊकच नव्हता. मी जिवाच्या आकांताने सांगत होते, अगं पोरी, वाजले नाही मी, पुन्हा फुंक! ती मात्र माझ्याकडे नाही, त्या मुलाकडे बघत होती. तो वळला नाही. तेव्हा तिने मला तळहातावर आपटलं, नखाने तोंड साफ केलं, आणि छाती भरून पुन्हा फुंकलं.

आयुष्यात मी इतकी कधी वाजले नव्हते. हॉलमधली सभा थांबली. तो मुलगा गर्रकन वळला. "आलो!" असं तो ओरडलाही असेल, पण इतक्या लांबून ओरडलेलं आपल्या ताईला ऐकू येत नाही हे पथकातल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. म्हणून पळता पळता त्याने आपला हात सरळ वर केला, आणि भिंगरीला तो दिसला.