डोमाजीचा गिलावा

डोमाजीने हातोडीच्या दांड्याने बुरुजाची भिंत ठोकली आणि कान लावला. टक्क. वीतभर पुढे सरकून पुन्हा ठोकली. टक्क. मिस्त्री माणूस गिलावा डोळ्यांनी नाही, कानांनी तपासतो. कुठे पोकळ राहिला असेल तर बद्द वाजतं. तीस वर्षांपूर्वी याच बुरुजाला सिमेंट लावून त्याने असंच ठोकून दाखवलं होतं आणि गावभर मिशीला पीळ देत फिरला होता. आज मात्र प्रत्येक टक्क त्याच्या जिवावर येत होता.

"काका, एखादी तरी जागा सुटली असेल ना?" रुपालीने विचारलं. गढीच्या दुरुस्तीचं काम तिच्याकडे होतं. दोन महिन्यांपासून ती रोज कळंबहून पहिल्या एसटीने यायची.

"माह्या कामात पोकळ जागा नसते मॅडम," तो म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याला स्वतःचीच लाज वाटली.

पहिल्याच दिवशी तिने समजावलं होतं. गढी गोंड राजांच्या काळातली, भिंत चुन्याची. चुना पावसाळ्यात पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडून देतो. सिमेंटने भिंतीचं नाकतोंडच दाबलं. शिरलेलं पाणी आतच मुरलं आणि दगडांचं पीठ होऊ लागलं. आता बुरूज वाचवायचा तर सिमेंट काढायला हवं होतं, आणि ज्याने लावलं त्याच्याइतकं ते कोणाला माहीत असणार! म्हणून डोमाजीला बोलावणं आलं.

त्यानेच मग बोलता बोलता तिला सांगितलं, की दाराशेजारी सिमेंटखाली पाच पंजे आहेत. चुना मळणाऱ्या बायांनी काम संपल्यावर ओल्या चुन्यात उमटवलेले, एका ओळीत. रुपाली उठून उभीच राहिली.

"राजांची नावं कागदात सापडतात हो काका. या बायांचं एवढंच राहिलंय."

सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला कालपासून वाटत होतं. चार पंजांच्या जागा उकलून झाल्या होत्या, आणि चारही वेळा सिमेंटच्या खपलीबरोबर जुना चुनाही निघून आला होता. मागे नुसता दगड. रुपालीने दर वेळी फक्त वहीत नोंद केली होती. तिने रागावून दोन शब्द सुनावले असते तर त्याला हलकं वाटलं असतं.

सत्यभामाने तीस वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. त्याची बायको त्या कामावर त्याच्याच हाताखाली माल कालवायला होती. पंजे दिसले तशी ती घमेलं खाली ठेवून बसली आणि एकेका पंजावर आपला हात ठेवून पाहू लागली.

"हे बुजवू नका जी. बायाईचे हात हायेत."

"मंग काय पूजा करू त्याइची?"

सगळे हसले. जेवणाच्या सुट्टीत ती पळसाची पानं घेऊन आली आणि ओली करून पंजांवर चिकटवू लागली. डोमाजीचं टाळकंच सरकलं.

"कचरा कायले लावून राह्यली वं? पोकळ राह्यलं त लोक मले हसतीन!"

त्याने सगळ्यांदेखत थापीने पानं खरवडून फेकली. तिने खाली मान घालून पानं गोळा केली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुमी तिकून घ्या. हा कोपरा मले करू द्या." चला, अक्कल आली, असं त्याला वाटलं. तिने हाताने माल थापला, त्याने वरून रंधा फिरवला. घाईत तो कोपरा तेवढा ठोकून पाहायचा राहिला. त्या दिवसाविषयी ती पुन्हा कधीच बोलली नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली.

आता पाचव्या पंजाचा तोच कोपरा उरला होता. डोमाजी उकिडवा बसला. त्याने ठोकलं.

बद्द.

त्याचे कान लाल झाले. आपल्या कामात पोकळ! त्याने पुन्हा ठोकलं. बद्द.

"काका?"

त्याने छिन्नी घेतली आणि कडेकडेने हलक्या हाताने मारत गेला. ताटाएवढी खपली अख्खी सुटून त्याच्या हातात आली. भिंतीवर पंजा होता. लहानसा, बोटं फाकलेला, करंगळी जराशी वाकडी.

"अगं बाई!" रुपाली ओरडली आणि फोटोसाठी मोबाइल आणायला धावली.

डोमाजी पंजाकडे पाहत नव्हता. त्याने खपली उलटी केली होती. सिमेंटवर पळसाचं पान उमटलं होतं, मधल्या शिरेपासून बारीक जाळीपर्यंत. पानाचा काळा भुगा त्याच्या तळव्यावर सांडला.

"हे मुद्दाम केलंय कोणीतरी," रुपाली वाकून म्हणाली. "म्हणूनच सिमेंट चिकटलं नाही. काका, कोणी केलं हे? मला नाव लिहायचंय."

"सत्यभामा," तो म्हणाला. मग खपलीकडेच पाहत पुटपुटला, "तीस वर्सं वं! एक डाव तरी सांगतलं असतं मले."

सांगितलं असतं तर आपण तेव्हाच फोडून पुन्हा भरलं असतं, हे त्याला माहीत होतं.

त्याने खपली गमछ्यात गुंडाळून सावलीत ठेवली. हातोडी उचलली आणि बुरुजाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पहिल्यापासून भिंत ठोकायला सुरुवात केली. टक्क. वीतभर पुढे. टक्क. दर वेळी तो, अजून कुठे बद्द वाजतं का म्हणून, कान लावून थांबत होता.