आरशासमोरची ऊब

"एसीवाल्याला परत बोलाव," जया म्हणाली. "पट्ट्या बघ कशा वळवळतायत."

"आत्ताच बघून गेला, ताई. एसी झकास चाललाय," दारातून मानसी म्हणाली आणि मुकाट्याने बाहेरच्या पडद्यापाशी जाऊन बसली.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या बंद खोलीत अवकाश-दुर्बिणीचा पुरुषभर उंचीचा आरसा उभा होता. त्याच्यावर लेसरचा प्रकाश सोडायचा आणि आतल्या-बाहेरच्या दोन्ही पडद्यांवर उमटणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या बघायच्या. पट्ट्या सरळ आल्या की आरसा बिनचूक. मधली हवा जराशी तापली तरी त्या थरथरतात, म्हणून जया वर्षानुवर्षे सगळ्यांना खोलीबाहेर पिटाळत आली होती. स्वतः मात्र आतच थांबायची. आरसा जणू तिच्या माहेरचा माणूस, त्याला एकटे सोडणे तिच्या जिवावर यायचे.

आठवडाभर चाचणी फसत होती. आज जमले नाही तर उद्या आरसा परत घासायला पाठवायचा, असे नंदकुमार साहेबांनी सकाळीच सांगून टाकले होते. चांगला आरसा पुन्हा घासला की त्याची वाट लागणार. जयाला डबासुद्धा गेला नव्हता.

ती उठली, बसली, पुन्हा उठली. एवढ्यात छातीतून तो ओळखीचा जाळ वर चढला. पाळी थांबत आल्यापासून हे असेच चालले होते. कपाळ, मान घामाने भिजली. पट्ट्या वळवळू लागल्या. जाळ ओसरला, तशा त्याही निवल्या.

जया पदराने मान पुसत बाहेर आली. मानसीने पटकन नजर खाली घातली.

"तुला कधी कळलं गं?"

"परवा."

"मग बोलली नाहीस ती?"

"कसं बोलू, ताई? तुम्हीच शिकवलंत ना मला सगळं."

जयाला मानसीचा राग आला, आरशाचा आला, या पन्नाशीच्या शरीराचा तर फारच आला. गुपचूप बाहेर बसून भागणार नव्हते. आठवडाभर काय बिघडले होते, हे साहेब विचारणारच. आणि सांगितले की खोली सुटली.

ती सरळ साहेबांच्या टेबलापाशी गेली.

"साहेब, आरसा चांगला आहे. पाळी जातेय माझी. अंगातनं नुसत्या वाफा निघतात, त्यानं हवा तापते."

साहेबांनी उगाचच चष्मा पुसला. "मग यापुढे आत..."

"कोणीच नको. मीपण नको."

खोलीचे दार लागले. बऱ्याच वेळाने मानसीने हाक मारली, "ताई, बघा ना."

पट्ट्या अगदी सरळ होत्या, हलतच नव्हत्या. जयाने त्या डोळे भरून पाहिल्या. मग बंद दाराला टेकलेली पाठ तिने काढून घेतली आणि ती थोडी लांब जाऊन उभी राहिली.