उजवा कोपरा

डायरेक्टरने बाबांना आणखी डावीकडे सरकायला सांगितलं तेव्हा बाबांच्या हातात गरम इस्त्री होती आणि इस्त्रीखाली कुणाचा तरी पांढरा शर्ट.

"अजून सरकलो तर भिंतीत जाईन," बाबा म्हणाले.

"उजवा कोपरा मोकळा हवाय, बाबा."

"का? तिथे कोण येणार आहे?"

डायरेक्टरने तोंड कॅमेऱ्यामागे लपवलं. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

डायरेक्टर हे नाव घरच्यांनी ठेवलेलं, आणि ते काही कौतुकाने नव्हे. लाँड्रीच्या काउंटरवर बसायचं वय झालेला मुलगा कपड्यांना चिठ्ठ्या लावायच्या सोडून मशीनच्या काचेआड गरगरणारे मोजे टिपत बसतो, त्याला दुसरं काय म्हणणार? शेवटी बाबांनी निकाल देऊन टाकला होता. रविवारी लाँड्रीवरची फिल्म करून दाखव. बघण्यासारखी असली तर कॅमेरा ठेव. नसली तर विकून टाक आणि सोमवारपासून काउंटरवर बस, कायमचा.

प्रकरण असं गळ्याशी आल्यावर कुणीही आधी चित्रीकरण उरकलं असतं. डायरेक्टरने आधी एडिटिंगचं सॉफ्टवेअर निवडायला घेतलं. निवडणं हे काम मोठं सोयीचं. ते चालू असेतो राबल्याचं समाधान मिळतं आणि चूक मात्र एकही होत नाही. पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये नुसते रंग सुधारायलाच इतकी बटणं होती की ती उघडताना कॉम्प्युटरला धाप लागली आणि त्याने मान टाकली. दुसरं देखणं होतं, पण भाडेकरूकडे मागावं तसं दर महिन्याला भाडं मागत होतं. ते भाडं बाबांकडे मागायची डायरेक्टरची छाती नव्हती. तिसरं झटपट कापून द्यायचं, पण फोनवर बघणाऱ्यांच्या सोयीसाठी सगळं उभं करून. त्यात बाबांचा विजेचा खांब झाला आणि इस्त्री चौकटीबाहेर गेली. मग कोणतं चांगलं यावर अनोळखी माणसं इंटरनेटवर एकमेकांची आई-बहीण काढत होती, ते त्याने मन लावून वाचलं आणि दोन्ही बाजू पटल्या.

लग्नांचे व्हिडिओ कापून पोट भरणारा एक मित्र होता, त्याला सगळे लग्नवाला म्हणत. तो म्हणाला, ज्यावर हात बसेल ते घे, आधी काय कापायचंय ते ठरव. सल्ला इतका फुकटात मिळाल्यामुळे डायरेक्टरला तो घ्यावासा वाटला नाही.

चौथं सॉफ्टवेअर मात्र फुकट होतं आणि कॉम्प्युटरला झेपतही होतं. खोट एकच. तयार फिल्मवर उजवीकडे, खालपासून चांगला माणसाच्या छातीपर्यंत, कंपनीच्या नावाचा ठसा उमटायचा आणि पैसे भरल्याशिवाय जायचा नाही. दुसरा कुणी हिरमुसला असता. डायरेक्टरला तोड सुचली. ठसा जिथे पडतो तिथे काही ठेवायचंच नाही. मग बाबा डावीकडे, हँगर डावीकडे, गिऱ्हाइकं डावीकडे. काउंटरची डावी बाजू अशी गजबजली की एकाने उजवीकडे फरशी ओली आहे का म्हणून विचारलं.

फिल्ममध्ये नव्हती ती फक्त आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लाँड्री दोघांनी मिळून उभी केलेली. पुढे बाबांनी तिला न विचारता नवं मशीन आणलं, तशी तिने अंगातला एप्रन काढून काउंटरवर ठेवला आणि वर आपल्या खोलीत जाऊन बसली, ती दुकानात पुन्हा उतरली नाही. तेव्हापासून भावाबहिणीचं बोलणं डायरेक्टरमार्फत चाले. तुझ्या बापाला सांग, पाण्याची मोटर चालू राहिलीय. तुझ्या आत्याला सांग, मला ऐकू येतंय. फिल्मपुरती खाली ये म्हणून तो विनवायला गेला, तर आत्याने मुख्य भूमिका नव्या मशीनलाच द्यायला सांगितलं. न विचारता घरात आलंय, न विचारता कामही करेल, म्हणाली.

रविवारी सगळे टीव्हीसमोर बसले. फिल्म पेन ड्राइव्हवर घालून आणायचं लग्नवाल्याने अंगावर घेतलं होतं. आई मागे स्टुलावर बसली. चहाची गाळणी परत करायच्या निमित्ताने आत्या आली आणि ती हातात धरून दारातच उभी राहिली.

पहिलंच दृश्य आलं आणि डायरेक्टर गर्रकन लग्नवाल्याकडे वळला. ठसा नव्हता.

"काढला," लग्नवाला कानाशी कुजबुजला. "तुझेच तुकडे, तुझ्याच क्रमाने माझ्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा जोडले. दोस्तीत एवढं चालतं."

ठसा असता तर उजवीकडे निदान तेवढा भार तरी राहिला असता. आता रस्त्यावर काही घडलं की बसमधली माणसं एकाच खिडकीशी गोळा होतात, तसे सगळे डावीकडे चिकटलेले आणि उजवी बाजू ओसाड. टेबलाशी ओसाड, दोरीवरच्या कपड्यांपाशी ओसाड, दुकानाच्या दारातही ओसाड. डायरेक्टर मनातल्या मनात कॅमेऱ्याच्या विक्रीची जाहिरात लिहू लागला.

काउंटरचं दृश्य आलं. डावीकडे बाबा मान खाली घालून पावती करताहेत, उजवीकडे नुसतं पुसलेलं लाकूड. बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला.

"इथे ताई उभ्या असायच्या," आई म्हणाली.

टीव्हीत मशीन घरघरत राहिलं. मग दारातून आत्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"सगळीकडे जागा ठेवलीय पोराने."

लग्नवाल्याने खुलासा करायला तोंड उघडलं. डायरेक्टरने त्याच्या पायावर पाय दिला आणि फिल्म संपेपर्यंत तिथेच ठेवला.

"कुणी सुचवलं तुला हे?" बाबांनी विचारलं.

"मी फार विचार केला होता, बाबा."

हे खोटं नव्हतं. विचार कशाचा, ते कुणी विचारलं नाही.

"कॅमेरा राहू दे," बाबा म्हणाले. मग दाराकडे न बघता, "तुझ्या आत्याला सांग..." म्हणून थांबले. "ताई, ती गाळणी आत ठेव आणि बस जरा."

सोमवारी आत्या एप्रन बांधून खाली उतरली. डायरेक्टरने कॅमेरा लावून ठेवलाच होता. उजवीकडची मोकळी जागा त्याने तिला हाताने दाखवली. आत्याने ती पाहिली, नव्या मशीनकडे एक नजर टाकली.

"तिकडे याची धग लागते," ती म्हणाली, आणि सरळ डावीकडे, गल्ल्यापाशी जाऊन उभी राहिली.

तिथे बाबा उभे होते. त्यांनी अर्धी इस्त्री झालेला शर्ट उचलला आणि कुणी न सांगता उजव्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.